जुन्या बुलेटचा सडलेला मडगार्ड हाताने घडवताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं तेव्हा वडिलांची बुलेट जिन्याखाली उभी होती. पाणी ओसरल्यावर इंजिन उघडून धुतलं, वायरिंग बदललं, आणि गाडी सुरूही झाली. मडगार्डकडे कुणी बघितलं नाही. स्टेच्या, म्हणजे मडगार्डला आधार देणाऱ्या, पट्टीमागे गाळ तसाच राहिला. दोन पावसाळ्यांनी पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला सहज बोट लावलं, तर ते आरपार गेलं.

नवा मडगार्ड आणून बघितला. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दबत होता, आणि स्टेची भोकं अर्धा इंच सरकलेली. बुलेटला निदान काहीतरी मिळतं तरी. जुन्या जावा-येझदीवाल्यांचं दुखणं मोठं आहे. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे मिळेल ते एकतर जुनं भंगारातलं, नाहीतर कुणीतरी अंदाजाने नव्याने काढलेलं. तेव्हा पत्रा हाताने घडवायला शिकलो. हा लेख त्याच कामाचा आहे, पण पूर्ण मडगार्डचा नाही. नवख्याने आधी मडगार्डचा खालचा वीतभर तुकडा घडवावा. सडतो तोच भाग, आणि त्यात सगळी विद्या येते.

आधी हिशोब, मग हातोडी

मडगार्ड बघितला की वाटतं, पट्टी घेतली, चाकासारखी वाकवली, झालं. एक पट्टी कापून वाकवून बघाच. चाकाच्या दिशेने गोल होते. आता तिच्या दोन्ही कडा खाली वळवायला गेलात की कडांना लाटा येतात. पत्रा दोन दिशांना एकदम वाकायला तयार होत नाही.

का, ते आकड्यांत बघू. जुन्या बुलेटला ३.२५-१९ चा टायर. म्हणजे टायरची त्रिज्या साधारण ३२५ मिमी. मडगार्डचा माथा टायरपासून २५ मिमी वर धरला तर माथ्याची त्रिज्या ३५०. मडगार्डची खोली ५० मिमी धरली तर कडेची त्रिज्या ३००. आता माथ्यावर २०० मिमी लांबीचा तुकडा घ्या. त्याच तुकड्याची कड ३०० भागिले ३५० या प्रमाणात, म्हणजे १७१ मिमीच भरते. एकाच तुकड्यात माथा कडेपेक्षा २९ मिमी लांब!

सगळं काम या २९ मिमीचं आहे. माथा तरी ताणायचा, कड तरी आवळायची, किंवा दोन्ही थोडं थोडं. सगळं ताणूनच केलं तर माथ्यावर पत्रा पातळ होऊन चिरतो. सगळं आवळूनच केलं तर कडेला इतक्या निऱ्या पडतात की आवरत नाहीत. म्हणून १८६ मिमीचा पत्रा घ्यायचा, माथा १४ ने वाढवायचा, कड १५ ने कमी करायची. दोन्हीकडे सात-आठ टक्के. १ मिमीचा पत्रा एवढं निमूट सोसतो.

प्रत्येक ठोक्याआधी स्वतःला विचारायचं: ही जागा मला मोठी करायची आहे की लहान? उत्तर माहीत नसेल तर हातोडी खाली ठेवा. मी पहिले तीन तुकडे वाया घालवले ते 'इथे वाकडं दिसतंय, मार' या हिशोबाने.

(इथे 'लांबी' म्हणजे मोजपट्टीवरची लांबी. पेंटर डब्यातून काढतो ती लांबी, म्हणजे पुट्टी, शेवटी येईल, आणि तीही नखभर.)

जुना मडगार्ड टाकू नका

सडलेला, चेपलेला, कसाही असो, तो तुमचा नकाशा आहे. मी हौसेने आधी ग्राइंडरने सडका भाग कापून भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला आणि मग फर्मा, म्हणजे आकार जुळवून बघायचा साचा, काढायला बसलो. भंगारवाल्याच्या मागे अर्धा किलोमीटर पळालो आहे.

दोन गोष्टी काढून घ्या. पहिली, पुठ्ठ्याचे फर्मे: एक माथ्याच्या लांबीच्या दिशेने, आणि आडवे तीन, दर सहा-सात सेंटीमीटरवर एक. चांगल्या बाजूवर पुठ्ठा टेकवून कापत कापत बसवायचा, उजेड आरपार दिसेनासा होईपर्यंत. नंतर तोच आकार प्लायवर उतरवून घ्या, पुठ्ठा तेलाने आणि घामाने दोन दिवसांत मऊ पडतो.

दुसरी, पेपरची घडण. जुन्या वर्तमानपत्राचं पान मडगार्डवर पसरून हाताने दाबत चिकटपट्टीने लावत जा. कडेला कागदाला निऱ्या पडतील. कागद चापून बसवण्यासाठी जिथे निऱ्या घालाव्या लागतात, तिथे पत्रा आवळावा लागणार. जिथे कागद फाटतो किंवा कापून उघडावा लागतो, तिथे पत्रा ताणावा लागणार. निऱ्या मोजून त्या जागा पेनने मडगार्डवर खुणवा. हीच खूण पुढे नव्या पत्र्यावर येईल.

स्टेच्या भोकांची अंतरं मात्र धड असलेल्या कडेपासून मोजून वहीत लिहा.

पत्रा

दुकानात 'पत्रा द्या' म्हणालात तर काहीही मिळेल. 'सीआर' (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला) मागा. 'एचआर' (हॉट रोल्ड, गरम लाटलेला) काळा असतो, वर खपली असते, तो या कामाचा नाही. सीआरमध्येही तीन प्रती येतात: डी, डीडी आणि ईडीडी. जेवढे डी-ई जास्त तेवढा पत्रा जास्त ओढ सोसतो. डीडी मिळाला तर उत्तम. जाडी गेजमध्ये न बोलता मिलिमीटरमध्ये बोला, कारण एकाच गेजला दोन दुकानांत दोन जाड्या मिळतात. आपल्याला १ मिमी.

आठ बाय चार फुटांचं पूर्ण पान १ मिमीला साडेतेवीस किलोच्या आसपास भरतं. ते घेऊ नका. कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडबाहेर कापलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, किलोवर मिळतो. चहा पाजलात तर चांगले तुकडे निवडूही देतात. तुकडा चमकदार आणि सपाट बघा. फुलं पडलेला पांढुरका दिसला तर तो जीआय, म्हणजे जस्ताचा. घराच्या छपराचा उरलेला पत्रा वापरायचा मोह सगळ्यांना होतो. त्याला ज्योत लावली की जस्ताचा धूर निघतो, आणि तो श्वासातून आत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. नकोच.

हत्यारं

यादी फार मोठी नाही, आणि बरीचशी फुकटात होते.

लाकडाच्या वखारीतून बाभळीचा ओंडका घ्या, गुडघ्याच्या वर येईल एवढा. वरच्या तोंडावर छिन्नीने वाटीएवढा खळगा कोरा, तळहात आत बसेल इतका, खोली दोन बोटं. शेजारीच एक लांबट, उथळ खळगा. ओंडका ओला असला तर महिनाभर सावलीत ठेवा, नाहीतर खळग्यातूनच तडकतो.

वाळूची पिशवी: जाड कॅनव्हासची किंवा चामड्याची, उशीच्या अर्ध्या आकाराची, बारीक चाळलेल्या कोरड्या वाळूने तीन चतुर्थांश भरलेली. गच्च भरली तर दगड होते, ढिली भरली तर पत्रा आत बुडतो. आमची पिशवी चप्पल शिवणाऱ्या कारागिराने दुहेरी टाक्यात शिवून दिली. त्याने विचारलं, 'बॉक्सिंगला काय?'

लाकडी मोगरी दोन. एक सपाट तोंडाची, एक अंड्यासारखी गोल केलेली. बॉलपेन हातोडी मध्यम वजनाची, तिचं गोल टोक पॉलिश पेपरने आरशासारखं घासलेलं. हातोडीवरची प्रत्येक ओरखड पत्र्यावर उमटते, हे लक्षात ठेवा. डेंटिंगवाल्याची एक डॉली, म्हणजे पत्र्यामागे टेकू धरायचा, हातात मावणारा लोखंडी ठोकळा. आणि खाली धरायला लोखंडाचा गोलसर जड तुकडा. उसाच्या ट्रॉलीच्या जुन्या एक्सलचं टोक भंगारात मिळतं, ते व्हाइसमध्ये उभं पकडलं की झालं. बरेच जण ऐरणीसाठी रुळाचा तुकडा शोधत फिरतात. तो भानगडीचा माल आहे, चोरीची रेल्वे मालमत्ता बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

निऱ्या घालायचा चिमटा मात्र करून घ्यावा लागतो. ८ मिमीच्या दोन सळया शेजारी शेजारी, मधे पत्रा जाईल एवढी फट, मागे आडवी मूठ वेल्ड केलेली. दिसायला घरातल्या काट्या-चमच्यातल्या मोडक्या काट्यासारखा.

गॉगल, कानात बोळे, आणि कापताना चामडी हातमोजे. कापलेली कड लगेच कानसने मारून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर आधी घेऊन या. आणि दुपारी दोन ते चार काम बंद. पत्र्याचा आवाज चार घरं ओलांडतो, आणि वामकुक्षी मोडलेल्या शेजाऱ्यासमोर तुमच्या मडगार्डची काही किंमत नाही.

पहिला रविवार: वाटी

थेट मडगार्डला हात घालू नका. २०० मिमी व्यासाची चकती कापा आणि तिची वाटी करा. ओंडक्याच्या खळग्यावर चकती तिरकी धरा, कडेपासून दोन बोटं आत गोल मोगरीने ठोका, आणि चकती फिरवत फिरवत मध्याकडे या. हात एका जागी, पत्रा फिरता. भाकरी थापताना हात जसा लयीत पडतो आणि भाकरी फिरते, तसंच. ज्यांच्या घरी भाकरी थापतात त्यांना हे पटकन जमतं, चेष्टा नाही.

दोन फेऱ्यांत कडेला निऱ्या पडतील. घाबरू नका, त्याच हव्या आहेत. व्हाइसमधल्या एक्सलवर निरी ठेवा आणि सपाट मोगरीने बसवा. थेट शेंड्यावर मारलं तर निरी उलगडते आणि सगळं मुसळ केरात. आधी तिच्या दोन्ही खांद्यांवर हलके ठोके देऊन ती अरुंद करायची, मग शेंडा खाली घ्यायचा. पत्र्याला पळायला जागा राहत नाही, तो स्वतःतच दाबला जातो आणि तिथे जाड होतो. हेच आवळणं. निरी एकावर एक दुमडू मात्र देऊ नका. दुमडली की ती चीर झालीच म्हणून समजा.

मोगरी लाकडाची का, हे इथेच कळतं. लोखंडावर लाकूड मारलं तर पत्रा बसतो, वळतो, आवळतो. लोखंडावर लोखंड मारलं तर पत्रा मधे चिरडून पसरतो, म्हणजे ताणतो. निरी बसवायला हातोडी घेतलीत तर एका हाताने आवळलेलं दुसऱ्या हाताने ताणत बसाल.

वाटी झाली की नखाने टिचकी मारून बघा. सुरुवातीच्या पत्र्यापेक्षा आवाज चढा लागेल. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला आहे. आणखी खोल करायची तर मऊ करावा लागतो: संध्याकाळच्या अंधुक उजेडात गॅसच्या ज्योतीने गडद लाल होईपर्यंत तापवा आणि आपोआप गार होऊ द्या. ॲल्युमिनियमची गंमत वेगळी. ते लाल होतच नाही, ६६० अंशांना एकदम वितळून खाली पडतं. म्हणून त्यावर धुण्याच्या साबणाने रेघा ओढतात. रेघ काळपट तपकिरी झाली की ज्योत बाजूला.

तुकडा

आता १८६ मिमी लांब पत्रा कापा, वर दोन्ही टोकांना १० मिमी जास्तीचे सोडा. रुंदी जुन्या मडगार्डवरून दोरा आडवा फिरवून मोजा, आणि कडेला तार भरायची असेल तर प्रत्येक बाजूला तारेच्या जाडीच्या अडीच पट वाढवा. ३ मिमी तारेला साडेसात, म्हणजे ८ धरा. मधोमध माथ्याची रेघ मारा, पेपरवरच्या निऱ्यांच्या जागा कडेला खुणवा.

आधी माथा. वाळूच्या पिशवीवर पत्रा उलटा ठेवा आणि गोल मोगरीने माथ्याच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तीन बोटं रुंदीत ठोकत चला. टोकाकडून टोकाकडे, ठोक्याला ठोका लागून. दोन फेऱ्या झाल्या की पुठ्ठा लावून बघा. पत्रा आपोआप लांबीत वाकायला लागलेला दिसेल, कारण मधला भाग वाढला आणि कडा तेवढ्याच राहिल्या. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घरातल्यांना हाका मारून दाखवलं होतं. कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

मग कडा. चिमट्यात कड घाला, मूठ डावी-उजवी पिळा, निरी उभी राहते. अंगठ्याच्या पेराएवढी खोल, त्याहून जास्त नको. दोन निऱ्यांत तीन बोटांचं अंतर. एका कडेची निरी बसवली की लगेच समोरच्या कडेची. एकाच बाजूच्या सगळ्या केल्यात तर तुकडा केळीच्या सालीसारखा पिळतो. पुन्हा माथा, पुन्हा कडा. दर फेरीला कापडी टेपने माथा आणि कड मोजा. २०० आणि १७१ चं लक्ष्य आहे, पण पहिल्या खेपेला चार-पाच मिमी इकडे-तिकडे झाले तरी चालतील, बाकी मठारताना निघतं.

मठारणं

शब्द तांबटांचा. पुण्याच्या तांबट आळीतल्या हंड्या-बंबांवर जे एकसारखे ठोके चमकतात ते मठारकाम. त्यांचे ठोके शोभेचे, मुद्दाम राखलेले. आपल्याला तीच क्रिया हवी आहे, पण ठोका दिसता कामा नये.

आतून डॉली धरा, आकाराला जुळेल त्या गोलाईची. बाहेरून सपाट तोंडाची गुळगुळीत हातोडी. हातोडी मारायची नसते, पडू द्यायची असते. मनगट सैल, उंची चार बोटं. कानाकडे लक्ष ठेवा: पत्र्याखाली डॉली नेमकी असली की 'ठण्' असा भरीव आवाज येतो. डॉली सरकली असेल तर 'थप्'. थप् आलं की थांबायचं, डॉली शोधायची. बाजारात बसलेला जुना डेंटर गप्पा मारत मारत, न बघता काम करतो ते याच आवाजावर.

एक फेरी झाली की कानस आडवी, अगदी हलकी फिरवा. उंच जागा चमकतील, खोलगट जागा काळसर राहतील. उंच जागा डॉलीवर बसवा. खोलगट जागेला डॉली आतून वर दाबून धरा आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर मारा, डॉलीवर नाही. खोलगट भाग आपोआप वर येतो. हे हाताला कळायला वेळ लागतो. मला पाच रविवार लागले.

मधेच पत्रा अंगठ्याने दाबला की आत जातो आणि सोडला की 'टक्' करून बाहेर येतो, असं झालं तर तिथे जास्त ताणला गेला आहे. आणखी ठोकाल तर आणखी ताणेल. जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा ज्योतीने लाल करा, भोवती लाकडी मोगरीने चार ठोके द्या, ओलं फडकं टेकवा. गार होताना पत्रा स्वतःच आवळतो. एकावेळी एकच ठिपका, मग हात लावून बघा.

जोड

जुन्या मडगार्डवर सड जिथे संपते असं वाटतं, त्याच्या दोन बोटं पुढे कापा. कानस मारल्यावर स्वच्छ पांढरं लोखंड दिसलं पाहिजे. नवा तुकडा एकावर एक चढवू नका. चढवलेल्या जोडात पाणी शिरतं आणि दोन वर्षांत तिथूनच पुन्हा सडतं. कडेला कड, फटीतून उजेड दिसणार नाही इतकी घासून जुळवा.

१ मिमीला साधं इलेक्ट्रिक वेल्डिंग भोकं पाडतं. टीग (आर्गन वायूतलं वेल्डिंग) असेल तर छान, नाहीतर बारीक नोझलचं गॅस वेल्डिंग. सीओटू वायूचं वेल्डिंग करणाऱ्याची शिलाई कडक येते, ती ठोकायला गेलं की दाद देत नाही. वेल्डिंग स्वतः येत नसेल तर त्यात कमीपणा नाही, आकार तुम्ही दिलात, जोड कारागिराकडून घ्या. फक्त त्याला सांगा: आधी २५ मिमीवर टाके, एकाड एक, मग मधलं भरायचं, थांबत थांबत. सलग शिलाई मारली तर तुमच्या पाच रविवारांचा पापड होतो.

वेल्ड गार होताना आकसते आणि आजूबाजूचा पत्रा ओढून खोल घेते. म्हणून शिलाई घासून सपाट केली की तिच्यावरच डॉली धरून हातोडीने ताणायची. इथे लोखंडावर लोखंड मुद्दाम. खोलगट रेघ वर येते, तेव्हा थांबा.

कडेची तार यानंतर. कड आधी काटकोनात वळवा, तार आत ठेवा, पकडीने ठिकठिकाणी धरा आणि मोगरीने तिच्यावर लपेटत चला. पत्र्याच्या पेट्या करणारे हे काम रोज करतात, एकदा जाऊन बघून या.

भोकं सगळ्यात शेवटी. चाक, फोर्क, स्टे लावून, टायर फिरवून, अंतर सारखं आहे हे बघून मगच खूण करा. फोर्क पूर्ण दाबलेला असताना टायर मडगार्डला लागत नाही ना, तेही.

रंगाआधी लांबी भरायचीच तर एक मिलिमीटरच्या आत. जास्त लागत असेल तर परत डॉली घ्या, डबा नको. आतल्या बाजूला प्रायमरचे दोन हात आणि वर जाड अंडरकोट, विशेषतः तारेच्या खोबणीत.

एवढं जमलं की लगेच पेट्रोलची टाकी डोळ्यांसमोर येते. तिला हात लावू नका. रिकामी, वर्षभर कोरडी पडलेली टाकीसुद्धा आत वाफ धरून असते, आणि ज्योत लागली तर ती फुटते. टाकीचं वेल्डिंग ज्याने आयुष्यभर तेच केलं आहे त्याच्याकडेच.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुढचं चाक फिरवत मडगार्डच्या आतून पाण्याचा पाईप धरा. स्टेच्या पट्टीमागे बोट घालून बघा, गाळ आहे का.